सावकाश होऊ द्या

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेत कारकून आहे. यंदा आम्ही प्रवेशअर्ज ऑनलाइन घेतले. शेवटच्या दिवशी दुपारी साइट उघडेना. पालकांचे फोनवर फोन. साइट सांभाळणाऱ्या मुलाने मला सर्व्हरचा पडदा दाखवला, तर सीपीयू जेमतेम चार टक्के चाललेला. तो म्हणतो, "काका, लोड आलाय." यंत्र हात बांधून बसलेलं दिसतंय आणि म्हणे लोड आलाय! त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की पाच मिनिटं बरं चाले, मग पुन्हा तेच. हा काय प्रकार आहे? पुण्यातला भाचा म्हणतो, रॅम वाढवा. वाढवू का?
(एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : भाच्याला म्हणावं, जरा दम धर. रॅमचं बिल करण्याआधी एक हिशेब मांडू.

त्या दुपारी अर्ज भरणारे पालक बसले होते कुठे? माझा अंदाज सांगतो. बरेचसे वाडीवस्तीवर, हातात मोबाइल, पडद्यावर टॉवरची एक दांडी, तीही अधूनमधून गायब होणारी. तुमचं पान समजा ५०० किलोबाइटचं आहे. ते तयार करायला सर्व्हरला ५० मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. पण एका दांडीवर सेकंदाला १०० किलोबिट मिळत असतील, तर तेच पान फोनपर्यंत पोचायला ४० सेकंद जातात. कामापेक्षा वाट पाहणं आठशे पट. त्या ४० सेकंदांत सीपीयूला करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, म्हणून तुम्हाला चार टक्के दिसले.

आपण रिकामा आणि मोकळा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. इथे मात्र त्यांतला फरक कामाचा आहे. दवाखान्यात नंबर लावून बसलेला माणूस रिकामा असतो, पण मोकळा नसतो. तुमचा सर्व्हर त्या दुपारी अगदी तसा होता.

तुमच्याकडे अपाची सर्व्हर असावा आणि तोही जुन्या घडणीतला, असं मी धरून चालतो. लहान संस्थांकडे बहुधा तोच असतो. त्याची मूळ पद्धत अशी, की आलेल्या प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रोसेस द्यायची. तिला वर्कर म्हणू. या वर्करने आलेल्याचं म्हणणं ऐकायचं, पान तयार करायचं, शेवटचा बाइट जाईपर्यंत थांबायचं, मग पुढच्याकडे वळायचं. असे वर्कर किती, याला मर्यादा असते आणि कुणी हात लावला नसेल तर ती २५६ असते.

आता १९६१ साली जॉन लिटल या संशोधकाने सिद्ध केलेला एक साधा नियम घ्या. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. दुकान, दवाखाना, सर्व्हर, सगळीकडे हे लागू. आत जास्तीत जास्त २५६ मावतात आणि मुक्काम ४० सेकंदांचा, तर सेकंदाला फक्त सहा-साडेसहा जण आत येऊ शकतात. सातवा दारात. हेच पालक चांगल्या नेटवर असते, पाव सेकंदात पान घेऊन गेले असते, तर त्याच यंत्रावर सेकंदाला हजार जणांची सोय झाली असती.

यातली एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वर्कर पान थेट फोनच्या हातात देत नाही. तो ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका बफरमध्ये ओततो आणि पुढे पोचवण्याचं काम कर्नल करतो. लिनक्सवर हा बफर सुरुवातीला १६ किलोबाइटचा असतो, गरजेप्रमाणे वाढतो. पान त्यात मावलं, तर वर्कर ओतून मोकळा, मग समोरचा कितीही हळू असो. पान मावलं नाही, की ओता, थांबा, थोडी जागा झाली, पुन्हा ओता, पुन्हा थांबा. तुमच्या पहिल्या पानावर संस्थेच्या इमारतीचा, संस्थापकांचा आणि मागच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आहे ना? असणारच.

अपाचीवर एक 'स्टेटस'चं पान चालू करता येतं. त्यात प्रत्येक वर्करसाठी एक अक्षर छापलेलं असतं. मोकळा असेल तर खालची रेघ, मागणी वाचत असेल तर आर, उत्तर धाडत असेल तर डब्ल्यू. आणि उत्तर देऊन झालं, पण आलेला अजून उठलेला नाही, तर के. काही वर्षांपूर्वी अशीच एक अडलेली साइट माझ्याकडे आली होती. ते पान उघडलं, तर चार ओळी, प्रत्येकीत ६४ अक्षरं, आणि एकही खालची रेघ नाही. अधूनमधून डब्ल्यू, बाकी सगळीकडे के, के, के. जणू कुणी शाळेत शिक्षा म्हणून लिहून काढलंय. पान पोचलं होतं, माणूस ते वाचत होता, आणि आपला वर्कर त्याच्यासमोर हात जोडून उभा होता की साहेब अजून काही?

ही के ची भानगड मुळात चांगल्या हेतूची. प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी उघडायची म्हणजे दर वेळी ओळखपाळख नव्याने आली. म्हणून १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून जोडणी चालू ठेवण्याची रीत पडली, आणि ब्राउझरही एका साइटशी एका वेळी सहापर्यंत जोडण्या उघडू लागले. म्हणजे एक पालक एकावेळी सहा वर्कर अडवू शकतो. त्या साइटवर कुणीतरी जुन्या फायलीतून 'आणखी काही हवं का' म्हणून थांबायचा वेळ १५ सेकंद ठेवला होता. तो २ केला. खर्च शून्य, बदल एका आकड्याचा. साइट उभी राहिली. पूर्ण बरी नाही झाली, पण उभी राहिली.

आता पंगतीत चला.

समजा कार्यालयात हजार पानं मांडली आहेत. अपाचीची जुनी रीत म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी. हा वाढपी त्याच्याच पाठीशी उभा, तो घास चावतोय तोवर हातात ओगराळं धरून थांबलेला. एक आजोबा बत्तीस वेळा चावणारे निघाले, की एक वाढपी गेला. वाढपी २५६ आणि २५७ वा पाहुणा दारात. मुदपाकखान्यात भात उतू जातोय, आणि बाहेर लोक उपाशी.

खरी पंगत अशी चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार वाढपी सगळी पंगत उरकतात. एकजण मठ्ठा घेऊन निघतो, ज्याचा द्रोण रिकामा दिसेल तिथे ओततो, पुढे सरकतो. सावकाश जेवणाऱ्यामागे तो उभा राहत नाही, आणि तरीही ते आजोबा उपाशी उठत नाहीत. आपण "सावकाश होऊ द्या" म्हणतो ते नुसतं सौजन्य नव्हे. पंगतीची व्यवस्थाच तशी असते, म्हणून ते म्हणायला परवडतं.

सर्व्हरला हे उमगायला वेळ लागला. १९९९ साली डॅन केगेल नावाच्या प्रोग्रॅमरने एक टिपण लिहिलं. त्याचं नाव 'सी-टेन-के', म्हणजे एकावेळी दहा हजार क्लायंट. त्याचा हिशेब मला अजून आवडतो. टिपणाच्या नंतरच्या आवृत्तीत तो म्हणाला, १२०० डॉलरला १००० मेगाहर्ट्झचं, २ गिगाबाइट मेमरीचं आणि गिगाबिट नेटवर्कचं यंत्र मिळतंय. त्यावर २०,००० माणसं बसवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्झ, १०० किलोबाइट मेमरी आणि सेकंदाला ५० किलोबिट येतात. डिस्कवरून चार किलोबाइट उचलून सेकंदाला एकदा नेटवर्कवर टाकायला याहून जास्त लागतं कशाला? म्हणजे लोखंड पुरेसं आहे, अडतंय ते सॉफ्टवेअरपाशी. आणि सीडीरॉम डॉट कॉम या फायलींच्या साइटने १९९९ सालीच खरंच दहा हजार जण एकावेळी सांभाळून दाखवले होते. तेव्हाच्या मॉडेमची किरकिर आठवत असेल, तर हेही आठवेल की ५६ के म्हणजे सेकंदाला फार तर सात किलोबाइट. म्हणजे घरून येणारे बहुतेक सगळेच तेव्हा एका दांडीवर होते.

मग वाढपी पंगतभर फिरवायचा, हे ठरलं. पण कोणाचा द्रोण रिकामा झालाय, हे त्याला कळणार कसं? इथे गोष्ट रंगते.

सर्वांत जुनी सोय 'सिलेक्ट', १९८३ च्या बर्कली युनिक्समधली. कर्नलला जोडण्यांची यादी द्यायची आणि विचारायचं, यातलं कोण तयार आहे? कर्नल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालत जातो, प्रत्येकाला विचारतो, परत येतो. मग आपण ती यादी पुन्हा पहिल्यापासून चाळायची. तिघांनाच भात हवा असतो, पण विचारायचं हजारांना, आणि तीन वाढून झाले की पुन्हा हजारांना. शिवाय लिनक्सवर या यादीत १०२४ च्या पुढे जागा नाही. नंतरच्या 'पोल'ने जागेची अडचण काढली, पण प्रत्येकाला विचारत सुटायची सवय तीच. दहा हजार सावकाश पाहुणे असले, की वाढप्याचा सगळा वेळ "भात? भात? भात?" यातच जातो. तेव्हा मात्र सीपीयू चार टक्के दिसत नाही, तो शंभर दिसतो, आणि काम तरीही होत नाही.

उत्तर दोन ठिकाणी निघालं. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली जोनाथन लेमनने 'केक्यू' आणलं, आणि लिनक्समध्ये २००२ साली दाविदे लिबेन्झीच्या हातचं 'ईपोल' आलं. कल्पना एकच. पाहुणा बसला, की त्याचं नाव एकदाच कर्नलकडे नोंदवायचं. पुढे पाहुण्याचं काही हललं, त्याने काही धाडलं किंवा त्याच्या बफरमध्ये जागा झाली, की कर्नल त्याचं नाव एका छोट्या चिठ्ठीवर टाकतो. वाढपी फक्त चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर तीन नावं असली, तर तीन पानांपाशी जायचं. बाकीचे नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव जेवत असोत की गप्पा मारत असोत, त्यांच्यासाठी एक पाऊलही खर्च होत नाही.

ही चिठ्ठी हातात आल्यावर मॉस्कोच्या रँब्लर या साइटवर काम करणाऱ्या इगोर सिसोएवने जो सर्व्हर लिहिला, तो एंजिनएक्स. काम २००२ मध्ये सुरू, लोकांसाठी खुला ऑक्टोबर २००४ मध्ये. त्यात वर्कर साधारणपणे सीपीयूला जितकी कोअर तितकेच. आठ कोअर, आठ वाढपी, बस्स. एंजिनएक्सवाल्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की नुसत्या बसून असलेल्या १०,००० जोडण्यांना सुमारे अडीच मेगाबाइट मेमरी लागते. भागाकार करा. एका माणसामागे २५० बाइट. कर्नलचे बफर त्यात धरलेले नाहीत, हे मी आपल्याच मनाने जोडतो, पण तरीही. उलट पीएचपी पोटात घेतलेली अपाचीची एक प्रोसेस २० मेगाबाइट सहज खाते. दहा हजारांना त्या दराने दोनशे गिगाबाइट होतात, निम्मी मेमरी सामाईक धरली तरी शंभर. भाचेसाहेबांच्या रॅमचा प्रश्न इथे येतो. रॅम वाढवून वर्कर वाढवता येतात, नाही असं नाही. पण ते म्हणजे हळू जेवणारे वाढले म्हणून वाढपी भाड्याने आणत राहणं.

मग सगळ्यांनी एंजिनएक्सच्या रीतीने सगळं का लिहू नये? कारण फिरत्या वाढप्याची एक नाजूक अट आहे. त्याने कुठेही थांबायचं नाही. कुणा मावशींना जिलबीचा आग्रह करत तो दोन मिनिटं उभा राहिला, की सगळी पंगत खोळंबली. सर्व्हरच्या भाषेत आग्रह म्हणजे डेटाबेसला विचारलेला दोन सेकंदांचा प्रश्न, किंवा एक जडसा हिशेब, किंवा रेंगाळलेली डिस्क. २००९ साली रायन डालने नोड आणलं, तेव्हा हीच फिरत्या वाढप्याची पद्धत जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या हाती गेली, आणि त्यासोबत हे दुखणंही. मी पाहिलेल्या नोडच्या बंद पडलेल्या साइटींपैकी बऱ्याच अशा आग्रहाने बंद पडलेल्या आहेत.

आणि तुमचा प्रवेशअर्ज नेमकं तेच करतो. पीएचपी चालवतो, डेटाबेसला विचारतो, पीडीएफ बनवतो. त्याला फिरत्या वाढप्याच्या हाती देऊन चालणार नाही.

म्हणून कार्यालयात जे करतात तेच करायचं, आचारी वेगळा, वाढपी वेगळे. पुढे एंजिनएक्स, मागे तुमचा जुना अपाची किंवा पीएचपीचे थोडेसे वर्कर. आचाऱ्याने परात भरून द्यायची आणि चुलीकडे वळायचं. ती परात कोण किती सावकाश खातोय, हे बघायला तो बाहेर येत नाही. मागचा वर्कर ५०० किलोबाइटचं पान त्याच यंत्रावरच्या एंजिनएक्सला डोळ्याचं पातं लवेपर्यंत देऊन टाकतो आणि सुटतो. पुढचे ४० सेकंद एंजिनएक्सचे, आणि त्याला ते वर्कर अडवण्याच्या मानाने फार स्वस्तात पडतात. पान मोठं असलं, तर तो ते डिस्कवरच्या तात्पुरत्या फायलीत ठेवून सावकाश वाढत राहतो.

उलट दिशेनेही तसंच, आणि तुमच्या बाबतीत हीच दिशा महत्त्वाची. पालकांनी गुणपत्रिकेचा फोटो चढवला, दोन मेगाबाइटचा, आणि वर जायचा वेग सेकंदाला २० किलोबाइट, तर १०० सेकंद लागतात. जुन्या मांडणीत तेवढा वेळ एक वर्कर पालकांच्या तोंडाकडे बघत बसतो. एंजिनएक्स पुढे असला, तर तो सगळा फोटो आधी स्वतःकडे जमा करतो आणि पूर्ण झाल्यावरच मागे एका दमात देतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की तो मूळ स्थितीत एक मेगाबाइटपेक्षा मोठी मागणी नाकारतो. ती मर्यादा वाढवायला विसरलात, तर पुढच्या वर्षी पालकांचे वेगळ्याच तक्रारीचे फोन येतील.

रुबीवाल्यांच्या जगात युनिकॉर्न नावाचा सर्व्हर आहे. तो आपल्या परिचयातच सांगतो, की मी फक्त वेगवान क्लायंटसाठी आहे. हळू लोकांसमोर मला थेट उभा करू नका, मध्ये कुणीतरी ठेवा. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. बाकीच्यांनी हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता दुसरी बाजू. हळू जेवणारा पाहुणा आणि मुद्दाम पाट अडवून बसलेला आगंतुक, दोघे बाहेरून सारखेच दिसतात.

घरच्या लिनक्सवर जुना अपाची असेल, तर हे करून पाहा. टेलनेटने ८० क्रमांकाच्या पोर्टवर जा. 'गेट'ची पहिली ओळ टाइप करा, एंटर. 'होस्ट'ची दुसरी ओळ, एंटर. आता तिसरी रिकामी ओळ द्यायची असते, ती देऊ नका. उठा, चहा टाका. सर्व्हरला वाटतं, अजून काही सांगायचं असेल, सभ्य माणूस दिसतोय. तो थांबतो. अपाचीच्या २.२ आवृत्तीपर्यंत हा थांबायचा वेळ मूळ स्थितीत ३०० सेकंद होता, आणि मध्येच एखादी निरर्थक ओळ टाकली, की घड्याळ पुन्हा शून्यावर. चहा पिऊन या, एक ओळ टाका, पेपर वाचा, एक ओळ टाका. आता हेच एका छोट्या प्रोग्रॅमकडून २५६ जोडण्यांवर एकदम करवा. संपला सर्व्हर. ना मोठी फौज लागली, ना जाड लाइन. २००९ साली रॉबर्ट हॅन्सनने हे 'स्लोलोरिस' या नावाने उघड करून दाखवलं. स्लो लोरिस हा झाडावर अगदी सावकाश सरकणारा रात्रीचा प्राणी. नाव चपखल आहे.

यावर अपाचीने पुढच्याच वर्षी घड्याळ लावलं. हल्लीच्या आवृत्त्यांत मागणीचा मथळा २० सेकंदांत सुरू व्हायलाच हवा, दर ५०० बाइटांमागे एक सेकंद वाढवून मिळतो, आणि ४० सेकंदांना कडेलोट. ५०० बाइट म्हणजे चार किलोबिट. जुना मॉडेमवालाही यात सहज पास होतो. मला ही मर्यादा शहाणपणाची वाटते, कारण ती माणूस किती हळू आहे हे बघत नाही, तो खरंच पुढे सरकतोय का हे बघते.

पण हे घड्याळ सगळेच एवढ्या समजुतीने लावत नाहीत. ऑफिसच्या फायबरवर बसून कुणीतरी ठरवतं, पाच सेकंदांत अर्ज आला नाही तर तोडा. चाचणीत सगळं झकास. तुमच्या भागात ऊसतोडीच्या फडावरून एका दांडीवर मुलीचा अर्ज भरणाऱ्या आईच्या फोनवर मात्र ७० टक्क्यांना फोटो तुटतो, ती पुन्हा पहिल्यापासून चढवते, पुन्हा ७० ला तुटतो. सर्व्हरच्या नोंदींत ती हल्लेखोर म्हणून जमा होते. सर्व्हर बंद करून चालू करण्यातही हाच तोटा. २५६ पाट एकदम रिकामे झाले, म्हणून पाच मिनिटं बरं वाटलं. पण जे अर्ध्या फोटोपर्यंत आले होते ते सगळे शून्यावर गेले आणि तेच पुन्हा दारात आले. तुमच्या मुलाला सांगा, तो उपाय नव्हे, पंगतीत मध्येच पानं उचलणं आहे.

तर करा काय? पुढे एंजिनएक्स बसवा. तो मुलगा एका संध्याकाळी करेल. ते जमत नसेल, तर अपाची २.४ मध्ये 'इव्हेंट' नावाची मांडणी आहे, २०१२ पासून पक्की झालेली. तिच्यात के वाले पाहुणे एका वेगळ्या थ्रेडकडे सोपवले जातात, वर्कर अडत नाहीत. फक्त मग पीएचपी अपाचीच्या पोटातून काढून वेगळं चालवावं लागतं. स्नेहसंमेलनाचा फोटो पहिल्या पानावरून हलवा. अर्जाचा फोटो फोनमध्येच लहान करून मग चढवायची सोय करा, दोन मेगाबाइटचे दोनशे किलोबाइट होतात आणि गुणपत्रिकेवरचे आकडे तरीही वाचता येतात. आणि चाचणी ऑफिसातल्या ऑफिसात घेऊ नका. तिथे सगळेच पाहुणे गिळून उठणारे असतात. 'कर्ल' या आज्ञेला वेग बांधून देता येतो. सेकंदाला दहा किलोबाइट एवढाच वेग द्या, अशा तीनशे आज्ञा एकदम सोडा, आणि मग आपल्या फोनवर साइट उघडते का ते बघा. रॅम त्यानंतरही कमी पडली, तर घ्या.

प्रश्न : संगणकाचे पोर्ट ६५,५३५ च असतात, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. मग एका सर्व्हरवर त्याहून जास्त लोक जोडलेले असूच कसे शकतात? व्हॉट्सॲपचे तर लाखो म्हणतात.
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : लाखो कसले, २०१२ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने एकाच यंत्रावर २० लाखांहून जास्त जोडण्या दाखवल्या होत्या, फ्रीबीएसडी आणि अर्लँगवर. ते पोर्टांच्या मर्यादेत बसतं, कारण आलेला प्रत्येकजण सर्व्हरचं नवं पोर्ट खात नाही. सगळे एकाच पोर्टवर येतात, सुरक्षित साइट असेल तर ४४३ वर. जोडणी ओळखली जाते ती चार गोष्टींवरून, तुमचा पत्ता, तुमचं पोर्ट, सर्व्हरचा पत्ता, सर्व्हरचं पोर्ट. शेवटचे दोन सगळ्यांचे सारखे असले, तरी पहिले दोन वेगळे असतात. एका इमारतीच्या एकाच दारावर कितीही गावांहून पत्रं येऊ शकतात, तसंच.

सर्व्हरची खरी मर्यादा मेमरी आणि उघड्या फायलींचा आकडा. लिनक्समध्ये प्रत्येक जोडणी ही एक उघडी फाइल मानली जाते, आणि एका प्रोसेसला मूळ स्थितीत १०२४ च मिळतात. पहिल्यांदा सर्व्हर मांडणारे बहुतेकजण आधी इथेच आपटतात.

गंमत अशी, की तुमची ६५,५३५ ची भीती एका ठिकाणी खरी ठरते. वरच्या उत्तरातला एंजिनएक्स घ्या. तो मागच्या पीएचपी सर्व्हरकडे जातो, तेव्हा तोच पाहुणा असतो. त्याचा पत्ता एक, मागच्याचा पत्ता एक, मागच्याचं पोर्टही एक. चारांतले तीन अंक बांधलेले, बदलणारं फक्त त्याचं स्वतःचं पोर्ट. आणि लिनक्स त्यासाठी मूळ स्थितीत ३२,७६८ पासून ६०,९९९ पर्यंतचेच आकडे देतं. म्हणजे पुढच्या दारातून लाखो आत येतील, पण वाढपी आणि मुदपाकखान्याच्या मधल्या दारातून एकावेळी २८,२३२.